नळ्या नसलेला ऑर्गन

धुकं इतकं दाट होतं की वीब्के ऑर्गनच्या कारखान्याऐवजी चर्चच्या दारात जाऊन उभी राहिली. आत ऑर्गनवर कुणीतरी एकच सूर धरला होता... खोल, न संपणारा.

"कारखाना इकडे आहे," मागून आवाज आला. ऑर्गनच्या नळ्या घडवणारा त्यार्क होता तो. उंच, निस्तेज, पण डोळे हसरे.

"थांबा ना! किती छान वाजवतंय कोणीतरी."

त्याचं हसू मावळलं. "तुम्हालाही ऐकू येतंय?"

मग त्याने तिला कारखान्यात नेलं. टेबलांवर शिशाच्या करड्या नळ्या ओळीने निजल्या होत्या. "चर्चच्या ऑर्गनच्याच आहेत, दुरुस्तीला आणल्यात. तिथे नुसती लाकडी पेटी उरलीय."

वीब्केच्या अंगावर काटा आला. आरोग्य खात्याने तिला रक्तातलं शिसं मोजायला पाठवलं होतं. रक्त काढण्यासाठी ती त्याचा दंड बांधू लागली.

आकडा आला साठ, धोक्याच्या कितीतरी वर. त्याची डोकेदुखी, पोटातल्या कळा, विसराळूपणा — सगळ्याचा उलगडा झाला.

"तीन महिने शिशाला हात लावायचा नाही," तिने बजावलं.

"मग या हातांनी करू काय?"

"चहा करा. खडीसाखर घालून. दर पंधरवड्याला येणार आहे मी."

तो हसला, मग हळूच म्हणाला, "शेवटी शेवटी बाबांना मनगटं उचलता येत नव्हती... त्यांचंही शिसंच."

ती येत राहिली. चहा होत राहिला, गप्पा लांबत गेल्या. आकडा चव्वेचाळीसवर आला, मग एकतीसवर. त्याच्या गालांवर रंग चढला. सूर मात्र थांबला नाही.

"वाटलं होतं, रक्त निवळलं की थांबेल," एका दुपारी तो म्हणाला. "त्या दिवशी तुम्हाला धुक्यात भास झाला असेल, असं समजत होतो. वीब्के, मला वेड तर लागलं नाही ना?"

"मी माझंही रक्त तपासलं." ती अडखळली. "त्यात शिसं नाहीच म्हणा ना. तरी मला ऐकू येतो."

"म्हणजे मी वेडा नाही?"

"आहात. पण शिशामुळे नाही."

तो खळखळून हसला. मग दोघं चर्चमध्ये शिरले. पेटी उघडी, रिकामी, धुळीने भरलेली. आणि त्या पोकळीतूनच सूर उमटला — थंड, अगदी कानाशी. त्यार्कने तिचा हात घट्ट धरला.

"घाबरलीस?" पहिल्यांदाच तो 'तू'वर आला.

"खूप," ती कुजबुजली. "पण तुझा हात सोडून पळावंसं... नाही वाटत."