झाकण लावलेला कॅमेरा

दुपारी अडीचच्या सुमाराला उस्ताद कॅसेट पोचवायला निघाला. काम म्हणाल तर पाच मिनिटांचं. वाचनालयाच्या तळघरात हिपहॉपच्या जुन्या चित्रफिती जपायचा विभाग निघाला होता, आणि तो सांभाळणाऱ्या बाईंना सगळे टेपबाई म्हणायचे. या शहरात पहिलं रॅप कुणी केलं, कुठं केलं, कोण जिंकलं, ते सगळं टेपबाई कॅसेटींवरून संगणकावर उतरवून घेत होत्या. उस्तादनं आपल्या चाळीसपैकी एकोणचाळीस कॅसेटी कधीच दिल्या होत्या. सतरा नंबरची तेवढी मागं ठेवली होती.

"सतरावी कुठंय हो?" टेपबाईंनी तीनदा फोन केला होता. "पहिल्या सामन्याची तीच ना?"

"तिला बुरशी लागलीय. काही उरलं नाही तिच्यात."

"ते मला ठरवू दे की."

आता आणखी टाळलं तर वाईट दिसलं असतं. सोमवारी तिथल्या भिंतीवर पाटी लागणार होती, 'पहिला विजेता' म्हणून, त्याच्या नावाची. म्हटलं, देऊन टाकावी. बाई लावतील, काळा पडदा बघतील, कोरी म्हणून नोंद करतील, आणि तीस वर्षांचं लचांड सुटेल. ती कोरी होती हे उस्तादला पक्कं ठाऊक होतं. त्यानंच केली होती.

तुम्हाला सांगायला हवं. त्या काळी गाड्या लावायच्या तळघरात वीस-पंचवीस पोरं गोल करून उभी राहायची. मधे दोघं. एकानं सोळा ओळी म्हणायच्या, तोवर दुसऱ्यानं तोंडानं ठेका धरायचा, मग अदलाबदल. ओरडा ज्याच्यासाठी जास्त, तो जिंकला. ओरडा सारखाच झाला तर रविवारी सगळ्यांनी बसून टेप बघायची आणि मग निकाल. पहिल्या सामन्यात समोरासमोर होते उस्ताद आणि तोतरा. नाव ऐकून हसू नका. तोतऱ्याला साधं पाणी मागताना धाप लागायची, पण ठेका सुरू झाला की त्याची जीभ सुरीसारखी चालायची. दोघं जिवलग होते. उस्ताद आठवड्यातून चारदा त्याच्या घरी जेवायचा.

ओरडा सारखाच झाला. त्याच रात्री घरी जाताना तोतऱ्याच्या सायकलला ट्रकनं उडवलं.

चौथ्या दिवशी उस्तादनं खोलीचं दार लावून एकट्यानं टेप बघितली. आणि त्याला दिसलं, की शेवटच्या चार ओळींत आपली, म्हणजे उस्तादची, जीभ अडखळलीय. चक्क तोतरेपणा. गोंगाटात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं होतं फक्त तोतऱ्याला. मित्राची फजिती झाकायला त्यानं ठेका एवढा वाढवला होता, की अडखळणं त्याखाली बुडून गेलं.

उस्तादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या कॅसेटच्या कडेला एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते. ती मोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ती त्यानंच सामन्यानंतर हौसेनं मोडली होती. आता त्या भोकावर त्यानं चिकटपट्टी लावली, कॅसेट कॅमेऱ्यात घातली, लेन्सला झाकण लावलं, आणि बटण दाबून शेवटपर्यंत चालू ठेवला. पोरांना सांगितलं, टेप खराब निघाली. तोतरा तर गेलेलाच. मग पोरांनी यालाच जिंकलेला धरलं.

वाचनालयाच्या तळघराच्या पायऱ्या उतरताना आंबट वास आला, जुन्या फितींना येतो तसा. दार उघडलं आणि उस्ताद उंबऱ्यातच थांबला. खुर्चीवर तोतऱ्याची धाकटी बहीण बसली होती. केस पिकले होते, पण ओळखू आली.

"बाईंनीच बोलावलं, दादा," ती म्हणाली. "आईला आता दिसत नाही. म्हणते, एकदा त्याचं न अडखळलेलं बोलणं ऐकायचंय. आमच्याकडं त्याचा आवाजच नाही ना कुठं."

दादा म्हणाली. उस्तादनं मान खाली घातली.

टेपबाईंनी कॅसेट उलटसुलट केली. चिकटपट्टीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी पट्टी सोलून काढली, कॅसेट यंत्रात सरकवली आणि दिवा मंद केला.

पडदा काळा होता. उस्तादनं श्वास सोडला.

पडद्यातूनही कुणीतरी श्वास सोडला.

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. झाकण लेन्सला होतं. माइक उघडाच होता. पलंगावर ठेवलेल्या कॅमेऱ्यानं त्या दुपारची खोली ऐकून ठेवली होती. पंख्याची घरघर. बावीस वर्षांच्या पोराचे हुंदके. आपलेच हुंदके ऐकताना त्याला त्या पोराची कीव आली नाही, फार लाज वाटली.

मग दुसरा श्वास आला. माइकच्या अगदी जवळ.

"खोलीत आणखी कोण होतं?" टेपबाईंनी हळूच विचारलं.

"कुणी नाही. एकटाच..."

ओठांवर ओठ आपटल्याचा आवाज आला. धप्. मग टक्. मग पुन्हा धप्. सावकाश, ओळखीचा. बहिणीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"हा आमच्या दादाचा ठेका आहे," ती म्हणाली. "कधीचं हे? त्याच्या सामन्यातलं?"

हो म्हणायचं, की सुटला असता. तेवढंच म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली. "स... स... साम..."

आणि ठेका वाढला. एवढा, की टेबलावरचा पेला किणकिणला. त्याचं अडखळणं त्याखाली बुडून गेलं.

"मी कशाला हात लावला नाही," टेपबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

उस्तादच्या मनात आलं, तो अजूनही मला झाकतोय. तीस वर्षं मी त्याचं जिंकणं माझ्या नावावर मिरवलं, आणि हा अजून माझीच फजिती झाकतोय. त्याला ते सहन होईना. तो उठला आणि त्यानं खरं सांगून टाकलं. "मी ह... ह... हरलो होतो. टेप मी पु... पु..."

धप्. टक्. धप् धप् टक्.

"काय म्हणालात दादा? ऐकू नाही आलं."

टेपबाईंनी यंत्र बंद केलं, कॅसेट बाहेर काढली. खोली शांत झाली. तो पुन्हा बोलायला गेला, पण धीर होईना. शेवटी त्यानं टेपबाईंच्या नोंदवहीचं पान फाडलं आणि त्यावर सगळं लिहिलं. अडखळणं, चिकटपट्टी, झाकण. कोण जिंकलं ते.

बहिणीनं कागद दोनदा वाचला. टेपबाईंना दाखवला, घडी घातली. रडली नाही, की ओरडली नाही. तेच त्याला जड गेलं. टेपबाईंनी भिंतीवरच्या पाटीचा नमुना उतरवून उलटा ठेवला.

"ही कॅसेट दोन दिवस नेऊ का? आईला ठेका तरी ऐकवते," बहीण त्यांना म्हणाली. कॅसेट डबीत बंद करून तिनं पिशवीच्या तळाशी ठेवली. मग उस्तादकडं वळली. "पण आईला वाचता येत नाही, दादा. हे तुम्हालाच येऊन सांगावं लागेल. तोंडानं. याल ना?"

यायलाच हवं होतं. आयुष्यात एवढं एकच हवं होतं. उस्तादनं छातीभर श्वास घेतला.

"ये... ये..."

तिच्या पिशवीतून, बंद डबीतून, ठेका सुरू झाला.