दहाचा लाल फ्यूज

योसेलिन गाडीत उलटी लोळत होती. डोकं डॅशबोर्डच्या पोटाखाली, पाय उघड्या दारातून बाहेर अंगणात, आणि दातांत चिमटा. सान पेद्रोमधल्या तिच्या वयाच्या मुली त्या सकाळी कोपरापर्यंत पिठात बुडाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मृतांचा सण होता. घरोघरच्या भट्ट्यांतून गेलेल्यांच्या नावानं भाजलेल्या पावाच्या बाहुल्यांचा खरपूस वास निघून थेट सरोवराच्या काठापर्यंत पोचला होता. योसेलिनच्या घरची भट्टी तेवढी थंड होती आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

व्हॅन तिच्या वडिलांची, जुनी जपानी. जपानात चालक उजवीकडे बसतो आणि बोलिव्हियात डावीकडे, म्हणून अशा गाड्या इकडे आल्या की त्यांचं स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवतात आणि उजवीकडचं भोक पत्र्यानं बुजवून टाकतात. बाकी संसार जिथल्या तिथे राहतो. फ्यूजपेटीसुद्धा उजवीकडेच, उतारूच्या पायांशी. कुठला फ्यूज कशाचा हे झाकणावर लिहिलेलं होतं खरं, पण जपानीत, म्हणजे न लिहिल्यासारखंच. म्हणून योसेलिन वडिलांनी शिकवलं होतं तसं करत होती. एकेक फ्यूज चिमट्यानं उपटायचा, उन्हासमोर धरायचा, पोटातली केसासारखी तार सलग दिसली की परत खोचायचा. निळा शाबूत. पिवळा शाबूत. खालच्या ओळीतला लाल, दहा अँपियरचा, उडालेला. परत तोच.

“काय इंजिनियरबाई, सापडला का चोर?” सेवेरो मामानं बाहेरून विचारलं. तो खोक्यावर बसून भाजलेले वाल चघळत होता. मामाची सरोवरात मोटरबोट होती, पण सणाला माणसं दफनभूमीपर्यंत न्यायला त्याला व्हॅन हवी होती.

“चोर सापडलाय मामा. तो चोरतोय काय, ते कळत नाहीये.”

त्या लाल फ्यूजवर तीनच गोष्टी चालायच्या, छताचा दिवा, घड्याळ आणि रेडिओ. तिनं दिव्याची जोडणी काढली, फ्यूज उडाला. घड्याळाची काढली, तरी उडाला. रेडिओ खेचून बाहेर काढला आणि त्याच्या तारा मोकळ्या करून चिकटपट्टीत गुंडाळल्या. आता त्या फ्यूजपुढे काही म्हणजे काही नव्हतं. तिनं नवा फ्यूज लावला, दार ओढून घेतलं, आणि पायांपाशी बारीकसा ‘टिक्’ असा आवाज झाला.

मामाचं म्हणणं सरळ होतं. कार्निवलला गाडीच्या नशिबासाठी बियर शिंपडतात ती बाहेर, चाकांवर. योसेलिनच्या वडिलांचा हात मात्र फार उदार, ते डॅशबोर्डलाही पाजायचे. तीच बियर फ्यूजपेटीत मुरली असणार. योसेलिनला ते पटलं. तिनं पेटी ब्रशनं घासली, स्पिरिटनं पुसली, उन्हात वाळवली. पितळेचे दात नवे असल्यासारखे चमकायला लागले.

पुढचा फ्यूजही उडाला. तो उन्हासमोर धरताना मात्र तिचा हात थांबला. उडालेल्या फ्यूजचं प्लास्टिक आतून काजळतं. हे स्वच्छ होतं. आत, चहूबाजूंनी बंद असलेल्या त्या इवल्याशा प्लास्टिकच्या खोलीत, पाण्याचा थेंब होता.

तिनं खिशातले आधीचे उडालेले फ्यूज काढले. प्रत्येकात एकेक थेंब. तिनं दगडानं एक फोडून जिभेला लावला. बियर नव्हती. थंडगार होतं ते, आणि त्याला लव्हाळ्याच्या मुळांची चव होती.

मामाला तिनं हे सांगितलं नाही. आईला तर नाहीच नाही.

वडील, देमेत्रियो, सान पेद्रोसमोरच्या, सरोवराच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत नाहीसे झाले होते. नाहीसे, हाच शब्द आईनं घरात चालू दिला होता. तिथे पूल नाही. गाडी लाकडी तराफ्यावर चढते आणि उतारू वेगळ्या बोटीनं पलीकडे जातात. चालक मात्र गाडीतच बसून राहतो. तराफ्यावर त्याला काम काहीच नसतं, म्हणून वडील उजवीकडच्या सीटवर सरकायचे, पाय वर घ्यायचे आणि बोटीतल्या बायकोला ओरडून सांगायचे, “फेलिसा, आता मी जपानात!” त्या दिवशीही सांगितलं होतं. वारा होता, पण वादळ नव्हतं. आईनं आणि योसेलिननं तराफ्यावरून नजर काढली नव्हती. तराफा काठाला लागला, गाडीची दारं बंद होती, आणि उजवी सीट ओली होती. पाणबुडे उतरले, जाळी टाकली, हाती काही लागलं नाही.

गेलेल्यासाठी तीन वर्षं सणाला घरी पंगत मांडायची, म्हणजे त्याच्यासाठी पाव, पाणी, खाणं मांडून ठेवायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भर दुपारी बाराला आत्मा येतो, दुसऱ्या तारखेला बाराला त्याला निरोप द्यायचा, आणि तिसऱ्या वर्षी दिलेला निरोप शेवटचा. आईनं पहिल्या वर्षी पंगत मांडली नाही, दुसऱ्याही नाही. पंगत मेलेल्यांची असते, आणि तिचा नवरा मेलेला नव्हता. मामा एकदा समजवायला गेला तेव्हा तिनं पातेलं आपटून त्याला घराबाहेर काढलं होतं. आता तिसरं वर्ष होतं.

योसेलिनला काय हवं होतं, ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. वडील यावेत असं वाटायचं, इतकं की वर्गात फळ्याकडे बघतानाही छातीत दुखायचं. पण सणाला आले तर ते मेले हे नक्की ठरणार होतं. न आले तर आशा उरणार होती, आणि ती आशा आईला रोज थोडी थोडी खाते हे ती बघत होती. शेवटी तिनं ठरवलं की पंगत मांडायची, पण घरात नाही. आई घर सोडून जाणार नव्हतीच. पंगत गाडीत मांडायची.

दुसऱ्या दिवशी, शेजारच्या इग्नासिया मावशींकडून शालीआड लपवून आणलेली पावाची बाहुली तिनं उजव्या सीटसमोर डॅशबोर्डवर ठेवली. शेजारी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला, कोकाची पानं, आणि फुलावर आलेल्या कांद्याचा पोकळ दांडा, कारण आत्म्याला परतीच्या वाटेवर पाणी त्यातूनच न्यायचं असतं. मग ती खाली वाकली आणि शेवटचा लाल फ्यूज लावला.

चर्चची बाराची घंटा वाजायला लागली. गावात फटाके फुटले. दारादारांतून बायका मोठ्यानं नावं घेऊन आपापल्या माणसांना आत बोलावत होत्या.

टिक्.

योसेलिनला रडू कोसळलं. ते आले होते. दारापर्यंत आले होते, आणि दार त्यांच्यामागे बंद व्हायच्या आधीच काहीतरी तुटत होतं. तिला त्या क्षणी ते इतकं स्पष्ट समजलं की आपल्याला हे कसं समजलं असा प्रश्नही तिला पडला नाही. दहाची तार त्यांना पुरत नव्हती.

फ्यूजच्या डब्यात पिवळा होता. वीसचा.

वडिलांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी तिच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. दहाच्या जागी दहाच. इतर चालक सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीत गुंडाळून उडालेला फ्यूज परत लावायचे, आणि वडील त्यांना हसायचे. फ्यूज मरतो म्हणून गाडी जगते, म्हणायचे.

तिनं पिवळा लावला.

घंटा थांबली. ‘टिक्’ झालं नाही. तिनं फ्यूजवर बोट ठेवलं. तो कोमट होता, आणि तिच्या बोटाखाली हळूहळू तापत होता. पुढे काहीच जोडलेलं नसताना त्यातून काहीतरी वाहत होतं.

मग गाडी कलली.

उजवीकडे. सावकाश. जाडजूड माणूस पायरीवर पाय ठेवून आत शिरताना कलते तशी, आणि स्प्रिंग कुरकुरली. पेल्यातलं पाणी एका बाजूनं कडेपर्यंत चढलं आणि बाहुलीच्या पायांवर सांडलं.

योसेलिन अजून खाली, पायांशी बसलेली होती. तिनं मान वर केली नाही. रेक्झिन दबत गेल्याचा आवाज तिच्या कानाशी आला.

डावीकडचं दार उघडलं. आई होती. तिनं बाहुली पाहिली, कोकाची पानं पाहिली, पोरीचा चेहरा पाहिला. तिचा हात थोबाडीत मारायला वर गेला आणि तसाच राहिला, कारण तिची नजर उजव्या सीटवर गेली होती. आई एकदम म्हातारी झाल्यासारखी दिसली. मग ती वर चढली, स्टिअरिंगमागे बसली, पोलेराचा घेरदार घागरा गुडघ्यांवर नीट केला.

“किती उशीर,” ती म्हणाली. “बटाट्याची दोन पिकं निघाली.”

ती दुपार योसेलिनच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर दुपार होती. आई बोलत राहिली. गारपिटीचं सांगितलं, मेंढीला झालेल्या जुळ्यांचं सांगितलं, मामाच्या बोटीचं इंजिन भर सरोवरात कसं बंद पडलं आणि मामा कसा देवाला शिव्या देत होता त्याची नक्कल केली. योसेलिनही मागच्या सीटवर बसून आपलं घोडं दामटत होती. पदार्थविज्ञानात ती वर्गात पहिली आली होती, आणि तिला गाडी मागे घेता येत होती, अगदी भिंतीला न घासता. उत्तर येत नव्हतं. पण मधूनच गाडी किंचित हलायची, हसताना माणसाचं पोट हलतं तशी, आणि आई त्या बाजूला न बघता म्हणायची, “हसू नका, तुमची पोरगी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॅशबोर्ड हाताला चटका बसेल इतका तापला होता. आत तारेच्या जळक्या आवरणाचा वास होता, आणि त्याखाली दुसरा, ओला, लव्हाळ्याचा. दुपार होत आली तेव्हा मामा गाडी घ्यायला आला, कललेली गाडी पाहिली आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. तो आत बसला नाही. त्यानं फक्त वाकून फ्यूजपेटी बघितली.

“वीस? पोरी, फ्यूजआधी तार जळेल.”

“माहितीये.”

“बारा वाजत आलेत. बाप आहे तुझा, पावसात अडकलेला उतारू नाही. काढ तो फ्यूज, जाऊ दे त्याला.”

योसेलिननं चिमटा हातात घेतला. बाहेर शेजाऱ्यांनी पंगती उचलायला सुरुवात केली होती. इग्नासिया मावशी आपल्या नवऱ्याच्या नावानं प्रार्थना म्हणत टोपल्यात पाव भरत होत्या. निरोप रडत द्यायचा नसतो, म्हणून सगळं गाव गात होतं.

आई घरातून आली. तिच्या खांद्यावर मामाच्या बोटीचा जाड दोर होता. तिनं योसेलिनच्या हातातून चिमटा काढून घेतला आणि कंबरपट्ट्यात खोचला. मग कुणाशी काही न बोलता तिनं दोर उजव्या दाराच्या मुठीतून ओवला, गाडीखालून पलीकडे घेतला, टपावरून परत आणला आणि बोटीवाल्याच्या बहिणीला येते तशी गाठ मारली.

“फेलिसा,” मामा म्हणाला, “असं करू नये.”

“ते तरी मला विचारून गेले होते का?” आई म्हणाली. “तू माणसं ने तुझी. चालत ने.”

मामा गेला. जाताना त्यानं योसेलिनकडे एकदा पाहिलं. चिमट्याशिवायही फ्यूज नखांनी निघतो, हे त्याला ठाऊक होतं आणि तिलाही.

बाराची घंटा झाली. गाणं दफनभूमीच्या दिशेनं लांब लांब गेलं, आणि मग गावात वाऱ्याशिवाय काही उरलं नाही.

आईनं अंगणातच घोंगडी अंथरली, गाडीला पाठ करून बसली आणि दोन वाडग्यांत सूप वाढलं. योसेलिन तिच्यासमोर बसली. तिला आईच्या खांद्यावरून उजवं दार दिसत होतं.

ते आतून उघडलं. बोटभर. दोर ताणला गेला, आणि दार परत मिटलं.

थोड्या वेळानं पुन्हा. ढकलल्यासारखं नाही. झोपेत आपला थांबा मागे टाकून आलेला, कुणाला त्रास नको म्हणून हळूच उतरू बघणारा माणूस उघडतो तसं.

“जेव,” आई म्हणाली. “सूप गार होतंय.”

योसेलिननं वाडगा दोन्ही हातांत धरला आणि जेवायला लागली.