एका शब्दाची चोरी

“चोरी झालीय. ताबडतोब या.”

“काय गेलं?” इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

पलीकडचा आवाज म्हणाला, “एक शब्द.”

इन्स्पेक्टरबाईंनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडेच संशयाने पाहिलं. शेजारचा हवालदार म्हणाला, “एकच? बाकीचे सोडले म्हणजे चोर खानदानी दिसतोय, मॅडम.”

शब्दकोशाची कचेरी दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरच्या बरोबर डोक्यावर. कार्डांचं सागवानी कपाट वर चढवलं त्या दिवशी मजला असा काही खचला, की डॉक्टर तेव्हापासून वाकूनच चालतो. डॉक्टर म्हणतो, हे साफ खोटं आहे. पण वाकून म्हणतो.

त्या कपाटातला एक खण नाहीसा झाला होता. दात पडलेल्या जबड्यासारखी काळी खाच तेवढी उरली होती.

“तिथे ‘सेट’ होता,” पुतण्या म्हणाला. फोन त्यानेच केला होता. मुख्य संपादक तात्या, त्यांचा हा पुतण्या आणि टायपिस्टबाई, कचेरीत माणसं एवढीच.

“एका शब्दाला अख्खा खण?”

“मॅडम, तुम्ही घड्याळ सेट करता, केस सेट करता. नाटकाचा सेट, दागिन्यांचा सेट, टेनिसचा सेट. सिमेंट सेट होतं. पोरगं नोकरीला लागलं की तेही सेट होतं. दोघांनी मिळून तिसऱ्याला बुडवायचं ठरवलं की सेटिंग.” पुतण्याने कपाळ पुसलं. “दिसायला एवढासा शब्द, पण घरात अर्थांचं एकत्र कुटुंब. चुलत, मावस, सावत्र, आणि एखादा असा की कुणाचा कोण तेच कळत नाही. प्रत्येक वापराचं वेगळं कार्ड. दुसरी प्रत नाही. आणि याच आठवड्यात खंड छापायला जायचाय.”

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तिघांकडेही होत्या.

“कुणावर संशय?”

पुतण्याने टायपिस्टबाईंकडे पाहिलं नाही. पण अशा रीतीने पाहिलं नाही, की सगळ्यांनी तिकडेच पाहिलं.

“गेल्या आठवड्यात यांचं आणि काकांचं वाजलं. या ओरडल्या, ‘जाळून टाका मग तो शब्द!’ खालच्या डॉक्टरांनीही ऐकलं.”

“ओरडले,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “जाळला नाही.”

“वाजलं कशावरून?”

“कार्डं चुकीच्या ढिगात पडलीयत असं मी म्हटलं. पुढचं त्यांना विचारा.”

तात्या खुर्चीत अवघडून बसले होते. “ढिगांचं काम माझं,” ते म्हणाले. “यांनी फक्त टाइप करायचं. जन्म गेला माझा या... अरे, माझं ते दे रे. डोळ्यांचं.”

पुतण्याने चष्मा पुढे केला. “विचारात असले की काका असेच,” तो हसत म्हणाला.

इतक्यात संस्थेच्या कार्यवाहांचा फोन आला. पुतण्याने ऐकून घेतलं आणि खाली मान घालून सांगितलं, “संध्याकाळपर्यंत खण परत आला नाही तर टायपिस्टबाईंना काढायचं. चोरीचा ठपका ठेवून.”

टायपिस्टबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. “नोकरी गेली तर दुसरी शोधीन. पण चोर म्हणून गेले तर दारात कोण उभं करील? घरात मिळवती मी एकटी.”

तात्या खिडकीबाहेर पाहत राहिले.

इन्स्पेक्टरबाईही खिडकीशी गेल्या, पण त्यांना बाहेरचं काही पाहायचं नव्हतं. कट्ट्यावर एक परात होती. रिकामी. तळाशी धूळ, आणि धुळीत स्वच्छ गोल गोल डाग.

“यात काय असायचं?”

“गोटे,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “नदीतले. तात्यांची पद्धत. या लांब टेबलावर कार्डं मांडायची, एका अर्थाचा एक ढीग, ढिगावर एक गोटा. शुक्रवारी तर परात भरलेली होती!”

“आणि कार्डं मांडली की पंखा बंद,” पुतण्या म्हणाला. “बाहेर आग पडत असली तरी बंद. उडतील ना! आम्ही इथे वांग्यासारखे भाजून निघतो.”

“तुम्हीही मांडता?”

“छे! मी आणि माझा कॉम्प्युटर. दगडधोंडे आपल्याला जमत नाहीत.”

“आणि बाई, तुम्ही?”

“मला ढिगाला हात लावायची परवानगी नाही. तेच तर भांडण.”

तात्यांना घेरी आल्यासारखं झालं. इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना जीपमधून घरी पोचवलं.

दार काकूंनी उघडलं, तेही अर्धंच. घामाने निथळत होत्या. हातातल्या वर्तमानपत्राने वारा घेणं चालू होतं. मागे फ्रिज मजेत घरघरत होता.

“पंखा बिघडलाय का काकू?” हवालदाराने विचारलं.

“बिघडतोय कसला? शनिवारपासून लावायचा नाही असा हुकूम आहे. म्हणे सर्दी होईल! अहो, लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्याने हे गार पडले नाहीत, पंख्याने काय पडणार?”

हवालदार खो खो हसला. इन्स्पेक्टरबाई हसल्या नाहीत. आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत त्या म्हणाल्या, “जा, कचेरीतल्या दोघांना घेऊन ये.”

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. तात्या भिंतीला टेकून उभे होते.

“मला ते गोटे खटकले,” इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. “शब्द जाळायला निघालेलं माणूस काडेपेटी घेऊन जाईल. दगड कशाला नेईल? कार्डं बुडवून कॉम्प्युटरचं घोडं पुढे दामटायचं असेल, तरी दगडांचं ओझं कोण वाहील? चोराने गोटे नेले, कारण त्याला कार्डं नाहीशी करायची नव्हती. मांडायची होती. आणि मांडणारं माणूस तुमच्यात एकच.”

“काय बोलताय!” पुतण्या उसळला. “काका कशाला चोरतील? स्वतःचाच शब्द?”

“ते त्यांनाच विचारू. पण सवय बघा. कार्डं मांडली की पंखा बंद. चोरी करतानासुद्धा मोडता आली नाही.”

त्यांनी आतलं दार ढकललं.

पलंगावर, जमिनीवर, शिवणयंत्रावर, उशीवरसुद्धा कार्डांचे ढीग. प्रत्येक ढिगावर एक गोटा. मात्र खिडकीखाली एक ढीग होता, सगळ्यांत मोठा. त्याच्यावर गोटा नव्हता.

“हा कुठला अर्थ?”

“कुठलाच नाही,” तात्या म्हणाले. “ही कार्डं कुठे जातात ते मला आठवत नाही.”

काकूंच्या हातातलं वर्तमानपत्र थांबलं.

“बाईंचं बरोबर होतं. मी सिमेंट दागिन्यांत टाकलं होतं. वाटलं, कुणाच्या लक्षात येण्याआधी घरी नेऊन लावावं, सोमवारी सकाळी गुपचूप परत ठेवावं. पण तो खिडकीखालचा ढीग वाढतच गेला.” त्यांनी काकूंकडे पाहिलं. “काल चमच्याला काय म्हणतात, ते मी तुझ्याकडून काढून घेतलं. कोडं घातल्यासारखं.”

“मला वाटलं चेष्टा करताय,” काकू पुटपुटल्या.

टायपिस्टबाई पुढे आल्या. “आणि सकाळी मला चोर ठरवत होते, तेव्हा? तेव्हाही आठवत नव्हतं?”

“तेव्हा सगळं आठवत होतं,” तात्या म्हणाले.

इन्स्पेक्टरबाईंनी कार्यवाहांचा नंबर लावला आणि फोन तात्यांच्या हातात दिला.

“साहेब, खण सापडला. टायपिस्टबाईंचा काडीचा संबंध नाही. मी नेला. माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बघा. मी... मी ती केली. ती... काय म्हणतात तिला...”

ओठ हलत राहिले. शब्द येईना. पुतण्याने तोंड उघडलं, इन्स्पेक्टरबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. तात्या टायपिस्टबाईंकडे पाहत होते. सकाळपासून तो शब्द बाईंच्याच अंगावर तर पडला होता.

बाईंनी त्यांना बराच वेळ तसंच तिष्ठत ठेवलं.

“चोरी,” मग त्या म्हणाल्या. “चोरी म्हणतात तिला, तात्या.”

“चोरी,” तात्या फोनवर म्हणाले. “मी चोरी केली.”

टायपिस्टबाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि खिडकीखाली फतकल मारून बसल्या. वरचं कार्ड उचलून त्यांनी मोठ्याने वाचलं, “‘डॉक्टरांनी मोडलेलं हाड सेट केलं.’ कुठे ठेवू?”

तात्यांची नजर एकेका गोट्यावरून फिरायला लागली.

“सावकाश सांगा,” त्या म्हणाल्या. “मी बसलेय.”

उकाडा जीव घेत होता. पंखा मात्र कुणी लावला नाही.