तेराव्या जागेवरचा ‘गं’

सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात विभावरीआत्यांच्या मंगलाष्टकाच्या पहिल्याच ओळीला लाल दिवा लागला.

दिवा वृत्तमापकाचा होता. कोणतं अक्षर लघु, कोणतं गुरू, विसावा कुठे, यमक जुळतं का, हे तो ऐकता ऐकता तपासतो. ओढूनताणून म्हटलेल्या मंगलाष्टकांना पाहुणे कंटाळले, म्हणून कार्यालयांनी तो बसवला; गावोगावची यंत्रं एकमेकांना जोडलेली. चौथी चूक झाली की गाणाऱ्याचा माइक बंद होतो आणि यंत्र स्वतःचं निर्दोष कडवं म्हणतं.

शार्दूलविक्रीडिताच्या ओळीत अक्षरं एकोणीस, विसावा बाराव्यावर. आत्यांची वीस झाली होती.

दुसरी ओळ. पुन्हा लाल.

“वन्सं, तो ‘गं’ गाळा की!” भावजय कुजबुजली.

“गाळला तर बुडेन मी.”

आत्यांनी जन्मभर पोहायला शिकवलं होतं, आणि कडवंही कृष्णेत पोहतानाच रचलं होतं. तेराव्या हाताला त्यांना श्वास लागायचा. ती जागा रिकामी कशाला सोडायची, म्हणून तिथे ‘गं’.

तिसरा लाल दिवा. चौथ्या ओळीत नवरीचं नाव होतं. ते आता यंत्राच्या तोंडी जाणार.

“आत्या, मशीनचं नको,” अंतरपाटामागून केतकी म्हणाली. “तुझंच हवं.”

“बाई, मुहूर्त!” भटजी कळवळले.

आत्यांनी छाती भरून घेतली.

“लाटांशी जुळले तुझे मन सदा गं, नांदो सुखी केतकी!”

दिवा निळा झाला. असा रंग कोणी पाहिला नव्हता. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘चारही ओळींत एकाच जागी एकच जादा अक्षर. ही चूक नाही, नियम आहे. नवे वृत्त. नाव द्या.’

“पोहणी म्हणा, पोहणी!” नवरदेवाचे काका ओरडले. हसण्यात ‘सावधान’ बुडालं आणि अक्षता भटजींच्या टकलावर पडल्या.

संध्याकाळी मिरजेच्या कार्यालयातून फोन आला.

“बाई, आमच्याकडे एकाचा माइक बंद पडला. मग यंत्रानं स्वतःचं कडवं म्हटलं. वीस अक्षरी. वधूच्या नावाच्या जागी तुमचं नाव. आणि ‘गं’नंतर ते थांबतं हो, दम खाल्ल्यासारखं.”

“त्याला कशाला लागतो श्वास?” आत्या हसल्या. “पोहायचंय की काय?”

फोनवरच्या माणसामागे यंत्राने पुढचं कडवं सुरू केलं होतं. आत्या बोटांवर मोजू लागल्या. तेरावं अक्षर आलं आणि यंत्र थांबलं.