दस्तीखालचा सौदा

दिवा राहू द्या तसाच. ही गोष्ट अंधारातली नाहीच मुळी. भर दुपारची आहे, आष्टीच्या बैलबाजारातली.

बाजाराचा दिवस. बबलू सकाळी निघाला तो लेकीला, प्रियदर्शनीला, बरोबर घेऊनच. पहिलीतली पोर, समोरचा एक दात नुकताच पडलेला. तिची आई बाळंतपणाला माहेरी घनसावंगीला गेलेली, आणि पोरीला शाळेचे बूट घ्यायचे होते. बबलूची आई झुंबरबाई दारापर्यंत आली.

"बबल्या, गर्दी असंल. पोरीचा हात सोडू नको बरं."

"न्हाई सोडत, माय."

"अन् ती दस्ती? तीच घेऊन चाल्लास व्हय?"

बबलूनं पोरीचा हात धरला. दस्ती खांद्यावर टाकून चालू लागला.

आता या दस्तीचं सांगायला पाहिजे. लाल चौकड्यांचा सुती रुमाल, दुसरं काही नाही. पण ती होती पुंजाराम दलालाची, म्हणजे बबलूच्या बापाची. बैलाचा भाव आपल्याकडे तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी हात धरायचे, वरून दस्ती टाकायची, आत बोटं दाबायची आणि तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. आधी दशक, मग एकक. शेवटी पूर्ण पंजा घट्ट दाबायचा. समोरच्यानंही दाबला की सौदा पटला, मग ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही. उजवा हात दस्तीखाली, डाव्या हातात जनावराचा कासरा. डाव्या हातात जे असेल तो माल. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट.

दलाल मेला की त्याची दस्ती त्याच्याबरोबर जाळतात. पुंजाराम गेला तेव्हा बबलूनं चितेवरून ती ओढून घेतली. बापाच्या हाताला यश होतं, ते कशाला जाळायचं, म्हणाला. झुंबरबाई तेव्हा रडायची थांबून नुसती बघत राहिली होती.

यश हवं होतं ते बैलांसाठी नव्हे बरं का. बबलूचा जीव अडकला होता मोबाइलमधल्या चाकात. रूलेट म्हणतात त्याला. चकचकीत कपड्यांतली एक बाई हसत हसत चाक फिरवते, पांढरी गोळी टकटक करत उड्या मारते आणि कुठल्यातरी आकड्याच्या खाचेत बसते. आकडा आपला असला तर पस्तीस पट. आधी मोटारसायकल त्या खाचेत गेली, मग बायकोचे दागिने. बायको माहेरी गेली ती बाळंतपणाला हे खरं, पण जाताना एका शब्दानं बोलली नाही हेही खरं.

त्या दिवशी बबलूनं कचरूची बैलजोडी विकून दिली. कचरू भोळा माणूस. गिऱ्हाइकानं पैसे फोनवर पाठवले, कचरूजवळ साधा फोन. तो म्हणाला, "बबलूभाऊ, तुमच्याकडंच घ्या. मी बाजार करून येतो, मंग नगदी द्या. पुंजारामचं लेकरू तुम्ही, तुमच्यावर बिलकुल भरोसा."

आणि भरोसा टाकून तो मिरच्या घ्यायला गेला.

बबलू लिंबाखाली बसला. शेजारी प्रियू, तिचा हात त्याच्या डाव्या हातात. एकदाच खेळू म्हणाला. दुसऱ्यांदाही एकदाच. अहो, ज्याला लत लागली त्याचं 'एकदाच' कधी संपतं का? बघता बघता कचरूची जोडी त्या चाकात गेली. तळाला उरले दोन-चारशे रुपडे. बबलूच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. कचरू आता येईल, चार माणसांत विचारेल, बापाचं नाव मातीत जाईल. 

येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसू नये म्हणून फोन मांडीवर ठेवून त्यानं वरून दस्ती टाकली. एका कडेनं डोकावून बघायचं आणि आत उजवा हात घालून आकडा दाबायचा. डोळे मिटून तो पुटपुटला, "बापू... एकवार हात द्या. तुमच्या नावासाठी तरी."

आणि दस्तीखाली कुणीतरी त्याचा हात धरला.

गार हात. पहाटेच्या रांजणासारखा गार.  नाकात वास आला जर्द्याचा आणि भिजलेल्या कासऱ्याचा. त्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धंच होतं. पुंजारामचं ते बोट एका मारक्या खोंडानं कासऱ्यात ओढून तोडलं होतं; ते थोटूक बबलूनं लहानपणापासून धरलेलं.

तीन बोटं दाबली गेली. थांबली. मग एक.

एकतीस. बबलूनं मोकळ्या अंगठ्यानं उरलेलं सगळं एकतिसावर लावलं. गोळी टकटक करत फिरली आणि एकतिसात बसली.

पुन्हा बोटं. दोन, मग चार. चोविसावर गोळी जाऊन बसली ती जणू कुणी हातानं ठेवली. कचरूचे पैसे निघाले, वर कितीतरी जास्त आले. बबलूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बापू... बापू..." एवढंच तो म्हणत होता.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बाजाराचा आवाज थांबलाय. घुंगरं नाहीत, बैल विकणाऱ्या हेड्यांच्या हाका नाहीत. दावणीला बांधलेले बैल एकजात माना वळवून लिंबाकडे बघत होते.

आणि दस्तीखालच्या हातानं पूर्ण पंजा घट्ट दाबला.

हा आकडा नव्हे, हे दलालाच्या पोराला कळू नये? कळलं ना. पण कशाचा सौदा, माल कुठला, हे विचारायचं भान कुठं होतं? बोटांना लहानपणापासूनची सवय. पंजा दाबला की पंजा दाबायचा. बबलूनं दाबला.

हात नाहीसा झाला. बाजार पुन्हा कलकलाट करू लागला. प्रियू शेजारी होती, तिचा हात त्याच्या डाव्या हातात, तसाच. झुंबरबाईनं सांगितल्याप्रमाणं त्यानं तो एकदाही सोडला नव्हता.

कचरूचे पैसे नगदी मोजून दिले. बूट घेतले, गुलाबी. आणि परतीच्या जीपमध्ये, सांगायला लाज वाटते, बबलूनं पुन्हा फोन काढला. आता बाप पाठीशी होता ना! पण या वेळी दस्तीखाली कुणी नव्हतं. घर येईपर्यंत उरलेलं सगळं चाकानं गिळलं.

दारात झुंबरबाईनं पोरीला जवळ घेतलं आणि एकदम हात मागे घेतला.

"बबल्या... हिच्या पाठीवर गुलाल कुणी टाकला?"

पाठभर गुलाल. विकलेल्या जनावरावर टाकतात तसा.

 बबलूनं सगळं सांगून टाकलं, कचरूचे पैसे, आकडे, थोटकं बोट. झुंबरबाई ऐकत होती.  

"बापानं वाचवलं मला, माय. बापूनं..."

"येड्या, तुझा बाप दलाल व्हता." तिचा आवाज अगदी हळू झाला. "दलाल सोतासाठी कधी हात धरत न्हाई. गिऱ्हाईक कोण व्हतं, ते सांग."

 उत्तर दिलं ते प्रियूनं, नवे बूट घालता घालता.

"आज्जी, मला माहितंय. आजोबाच्या मागं उभा व्हता त्यो. त्यानं माझं तोंड उघडून दात पाह्यले. म्हणला, दुधाचे हायेत अजून. चालन."

झुंबरबाईनं पोरीला छातीशी असं दाबलं की पोर रडायला लागली. त्या माणसाचं तोंड कसं होतं, विचारलं. प्रियू म्हणाली, "तोंड न्हाई पाह्यलं. बैल डोळ्यांनीच नको म्हणत व्हते, पाहू देत नव्हते."

त्याच घटकेला झुंबरबाईनं दस्ती चुलीत घातली. जळताना जर्द्याचा वास घरभर पसरला. मग ती बबलूसमोर येऊन बसली.

"ऐक. तुला भेटला त्यो पैसा म्हंजे इसार. सौदा फिरवायचा तर इसार दुप्पट परत करावा लागतो."

"सगळे गेले, माय..."

"मंग दुसरी गोष्ट. माल पुढच्या बाजारी ताब्यात देत्यात, अन् विकणाऱ्यानं आपल्या हातानं द्यावा लागतो. तू देऊ नको. दिवस मावळेपर्यंत हिचा हात धरून घरात बैस. मावळला की सौदा मोडला. तुझ्या हातून सुटली न्हाई तर कोणाच्या बापाची ताकद न्हाई न्यायची."

फोन तिनं लोखंडी पेटीत टाकला, कुलूप लावलं, किल्ली पदराला बांधली.

पुढचा बाजार आला. बबलू भिंतीला टेकून बसला, प्रियूचा हात डाव्या हातात गच्च. पोर चित्रं काढत होती, कंटाळत होती, मांडीवर झोपत होती. दुपार कलली. झुंबरबाई उंबऱ्यात आडवी बसून जागत होती. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिचा. बसल्या जागी मान कलली. किल्लीचा पदर बबलूच्या हाताशी आला.

पेटीतून आवाज येत होता. टक... टक... टक... गोळी फिरत होती.

बबलूला खेळायचं नव्हतं, शप्पथ सांगतो. त्याला पोर सोडवायची होती. इसार दुप्पट झाला की तोंडावर फेकायचा आणि मोकळं व्हायचं, नुसत्या हात धरण्यावर भरोसा काय ठेवायचा? एकदाच. किल्ली निघाली, हातापाशीच असलेली पेटी एका हातानं उघडली. फोनवर लिहून आलं होतं, 'खास तुमच्यासाठी, मोफत एक फेरी.' फुकटची फेरी, जाणार तर काहीच नव्हतं.

त्यानं एकतीस लावला. एका हातातून फोन निसटायला लागला, म्हणून पळभर, अगदी पळभर, प्रियूचा हात सोडून डावाही लावला. लगेच तो हात चाचपडत मांडीकडे नेला. इवलीशी बोटं शोधायचीही गरज पडली नाही. हात आपण होऊन हातात आला.

गोळी टकटक करत थांबली. एकतीस! पडद्यावर आकडे वाढत गेले, वाढत गेले. इसार दुप्पट. बराबर दुप्पट, एक रुपया कमी नाही की जास्त नाही.

"प्रियू! सुटलो गं माय, सुटलो!" बबलू हसत होता, रडत होता. पडद्यावरची नजर न काढता त्यानं आनंदानं लेकीचा हात घट्ट दाबला.

त्या हातानंही दाबला. पूर्ण पंजा.

गार होता. आणि अंगठ्याजवळचं बोट अर्धंच होतं.