घरात कोणी नाय

लाइट गेले तशी ठाण्यात खोपटच्या एका इमारतीतली पोरं गच्चीवर आली आणि धोंडिबाआप्पांच्या खाटेभोवती बसली. आप्पा एसटीतले जुने कंडक्टर, गोष्टींना तोटा नाही. करिश्मानं भुताची मागितली. प्रितम म्हणाला, "आप्पा, खरी असेल तरच हां. मोबाइलवरच्या आम्ही रोज बघतो."

आप्पांनी अंगावरची चादर सारखी केली. भूत असतं की नसतं ते मला ठाऊक नाही, ते म्हणाले. मी सांगतो ते आपल्या पहिल्या मजल्यावरच्या शकूचं. सखारामची बायको. तिच्या हातच्या करंज्या तुम्ही खाल्ल्यात. ती उपासतापास करणारी बाई, खोटं बोलायची नाही. तिनं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

मग ते सांगू लागले.

दोन वर्षांमागची भाऊबीज. रविवार होता. शकूनं सकाळीच स्वयंपाक उरकला होता. तिचा थोरला भाऊ काळुराम भोईर, तिचा दादूस, दर भाऊबीजेला खाडीपलीकडच्या कोपरहून दुपारी जेवायला यायचा. त्या दिवशी भावानं आपल्या घरी जेवायचं नसतं, बहिणीकडे जेवायचं. पण दुपार टळली, दादूस आला नाही. फोन लागेना. शकू दार-खिडकी करत राहिली. शेवटी सखारामच म्हणाला, "तो येत नाय तर तू जा. देव काय पत्ता बघत नाय."

तिनं ताट भरलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. करंज्यांचा डबा घेतला, सगळं फडक्यात बांधलं आणि रिक्षा करून माणकोलीच्या नव्या पुलावरून निघाली.

घाई होती तिला. भाऊबीजेची चंद्रकोर दिवेलागणीला दिसते न दिसते तोच बुडते. आणि ज्या बाईला भाऊ नाही ती त्या कोरीला ओवाळते, चंद्रालाच भाऊ मानते. शकूची शेजारीण दर वर्षी गच्चीत जाऊन ओवाळायची. शकू तिच्या हातात काडेपेटी द्यायची आणि खाली यायची, मागे वळून बघायची नाही. आज आपल्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच ती रिक्षात पुटपुटत होती.

आता हा काळुराम कसा, ते ऐका. कोपरला त्यांचं वडिलोपार्जित घर होतं. ओटी, माळा, मागे विहीर. जमीन बिल्डरला गेली, घर पडलं, तिथे टॉवर उभा राहिला आणि ह्यांना त्यात तिसऱ्या मजल्यावर मोठी जागा मिळाली. सगळे खूश. पण एक दिवस काळुरामच्या ध्यानात आलं की आपल्या घराचा एक फोटोसुद्धा आपल्याजवळ नाही. लग्नाच्या फोटोत ओटीचा एक कोपरा, तोही पाहुण्यांच्या डोक्यांमागे.

त्याच सुमाराला ठाण्यात टेंभी नाक्याजवळची लुर्दसबाई घर बंद करून मुलाकडे, रॉड्नीकडे, राहायला चालली होती. काळुरामची जुनी ओळख. तिनं जाताना त्याला भिंतीवरची एक फ्रेम दिली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं इंग्लंडातलं कुणा जमीनदाराचं घर. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. रंग नाही, नुसत्या काळ्या रेघा. सावलीसुद्धा रेघांवर रेघा मारून केलेली. पण धुराडी किती, खिडक्या किती, खिडकीला तावदानं किती, सगळं जिथल्या तिथे. काळुराम तासभर बघत बसला. म्हणाला, ह्या लोकांनी आपली घरं कशी जपून ठेवलीत बघ. आपलं कुणी काढलं नाय.

तिथून त्याला तो नादच लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातून अशी चित्रं आणायचा. पुढे तर विलायतेहून पोस्टानं नळकांड्यात घालून यायची. घरं, पूल, बाजाराचा रस्ता, चर्चचा मनोरा असलेली आख्खी गावं. खाडीच्या दमट हवेनं कागदावर तांबूस ठिपके पडतात म्हणून फ्रेमची पाठ भिंतीला लागू द्यायचा नाही. भिंग घेऊन खालची नावं अडखळत वाचायचा. भाऊबंद हसायचे, "गोरे गेले आणि घरं काळूला ठेवून गेले." त्याची बायको शांताबाई म्हणायची, "आमच्या घरात चाळीस बंगले, आणि केर काढायला मी एकटी."

शकूला मात्र ते बरं वाटत नव्हतं. एकदा तिनं भावाला सरळ सांगितलं. प्रत्येक घराला त्याचा वास्तुपुरुष असतो. तो सारखा तथास्तु म्हणत असतो, म्हणून घरात वाईट बोलू नये. आपल्या घरात एकच, तरी आपण जपून बोलतो. तू तर चाळीस आणून ठेवलेस.

काळुराम हसला. "त्यांना मराठी कुठं कळतंय?"

गच्चीवर पोरंही हसली. आप्पा हसले नाहीत.

पुढच्याच वर्षी शांताबाई गेली. ताप आला, आठवड्यात खेळ आटोपला. काळुराम रडला नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. दिवा विझल्यावर समई तशीच उभी राहते ना, तसा झाला. मुलगी दिशा नाशिकला चल म्हणाली, गेला नाही. दिवसभर त्या चित्रांच्या खोलीत बसायचा. बेल वाजली की जागचा उठायचा नाही. आतूनच सांगायचा, घरात कोणी नाय.

पार्सलवाले, शेजारची पोरं, सगळ्यांना हेच. पोरांना मजा वाटायची. "काका, मग बोलतंय कोण?" आतून उत्तर यायचं, "कोणी नाय."

दिशाचा आणि शकूचा फोन मात्र तो घ्यायचा. हो, जेवलो, बरा आहे. आदल्या वर्षीच्या भाऊबीजेला आला होता तोही असाच. जेवला, ओवाळून घेतलं, गेला. शकूला वाटलं, दुःख आहे, वेळ लागेल. श्रावणापासून सोळा सोमवार धरले तिनं त्याच्यासाठी. पण गणपतीनंतर त्याचे फोन कमी होत गेले. आणि आता ही भाऊबीज.

शकू पोचली तेव्हा अंधार पडत होता. वॉचमननं विचारलं, कुणाकडे. भोईरांकडे म्हटल्यावर तो म्हणाला, "तिथे कोणी राहत नाय, ताई. मी लागलोय तेव्हापासून बंदच आहे."

शकूला राग आला. जिथे तुझी खुर्ची आहे तिथे आमची तुळस होती, असं त्याला सुनावून ती वर गेली.

बेल दाबली. वाजली नाही. परत दाबली. बटण आत जात होतं, आवाज नव्हता. मग तिनं दार ठोठावलं.

आतून दादूसचा आवाज आला. "घरात कोणी नाय."

शकूला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. म्हणजे होता तो. "मी आहे रे, शकू. उघड."

"घरात कोणी नाय."

तोच सूर. जरा वर नाही, जरा खाली नाही.

शांताबाईनं दिलेली एक किल्ली शकूच्या पाकिटात असायची. तिनं दार उघडलं. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. खिडकीतून समोरच्या टॉवरचा उजेड येत होता तेवढाच. चौफेर भिंतींवर ती घरं. खिडक्याच खिडक्या. आत कुठल्याही घरात माणूस नाही.

तिनं स्वयंपाकघर बघितलं. शेगडी कोरडी. ओट्यावर धूळ. न्हाणीघर बघितलं. झोपायची खोली बघितली. अंथरूण घडी घातलेलं. बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

"घरात कोणी नाय."

ती धावत बाहेर आली. कोणी नव्हतं. आवाज आता आतून आला. ती आत गेली. आवाज बाहेर गेला. ती जिथे नसेल, तिथे तो होता.

मग ती मधे उभी राहिली. हलली नाही.

"घरात कोणी नाय."

आणि त्याच्या पाठोपाठ... भिंतींतून... फार हळू. पुष्कळ माणसं एकाच वेळी ओठांतल्या ओठांत काही म्हणतात तसं. तिला शेवट तेवढा ऐकू आला.

"...स्तु."

आप्पा थांबले. करिश्मा प्रितमच्या जवळ सरकली.

शकू घाबरली का? मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, घाबरायला माणूस आपल्या अंगात असावा लागतो. माझे हात मला जाणवत नव्हते. पाय जाणवत नव्हते. आपण ताट धरलंय हे बघून कळत होतं.

त्याच हातांनी तिनं निरांजन लावलं. सवयीनं. ताट घेऊन गॅलरीत आली. खाडीवर कोर होती. नखाएवढी. बुडायला आलेली.

तिच्या मनात आलं, दादूस नाही. हे काय आहे ते आहे, पण दादूस नाही. आता ह्या कोरीला ओवाळावं. निदान ताट रिकामं परत नेऊ नये. तिनं ताट उचललं. छातीपर्यंत आलं.

आणि ती थबकली.

चंद्राला ओवाळणं म्हणजे, मला भाऊ नाही, असं सांगणं. ते ह्या घरात सांगायचं? मागे चाळीस घरं ऐकत उभी असताना?

तिनं चंद्राकडे पाठ केली.

आत येऊन देवघराखालचा पाट काढला. पदरानं पुसला. खोलीच्या मधोमध मांडला. पाटापुढे बसली. रिकामा पाट. मोठ्यानं म्हणाली, "माझा दादूस घरात आहे."

काही नाही.

परत म्हणाली. काही नाही. भिंती गप्प. निरांजनाची वात सरळ.

मग तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आहे म्हटल्यावर तथास्तु कोण कशाला म्हणेल? तथास्तु मागणाऱ्याला म्हणतात. आणि दादूस इतके दिवस दारातल्या माणसांना सांगत नव्हता. मागत होता. घरात कोणी नको. मी नको.

तिनं डोळे मिटले. हात जोडले नाहीत, हातात ताट होतं.

"माझा दादूस घरात असू दे."

...

बराच वेळ काही नाही.

...

मग चारी भिंतींतून, एका आवाजात, पूर्ण.

"तथास्तु."

वात कलली. पाट करकरला. पाटावर वजन बसल्यावर करकरतो तसा.

शकूनं डोळे उघडले नाहीत. कुंकवात बोट बुडवलं. पुढे नेलं. आणखी पुढे... बोट कपाळाला लागलं.

थंड होतं. कोरडं. कागदासारखं.

तिनं कुंकू लावलं. अक्षता लावल्या. अक्षता खाली पडल्या नाहीत. तिनं ओवाळलं. हात थरथरले नाहीत, ती सांगते, ओवाळताना हात थरथरू नये. आयुष्य माग, आरोग्य माग, असं आई शिकवायची. तिनं ह्या खेपेला दुसरं काही मागितलं नाही. नुसतं असू दे, असू दे, म्हणत राहिली.

"शकू," समोरून आवाज आला. "कधी आलीस गं?"

तिनं डोळे उघडले. काळुराम पाटावर बसला होता. दाढी वाढलेली. अंगावर गणपतीतला सदरा. झोपेतून उठल्यासारखा तिच्याकडे बघत होता. मग त्याची नजर करंज्यांच्या डब्यावर गेली.

"भूक लागलीय," तो म्हणाला. आणि रडायला लागला. शांताबाई गेल्यापासून पहिल्यांदा. शकूनं त्याला रडू दिलं. बाहेर कोर बुडाली होती.

त्याच रात्री तिनं त्याला खोपटला आणलं. निघताना टॉवरखाली वॉचमन उठून उभा राहिला आणि त्यानं तिला विचारलं, हे कोण, वर जाताना तर तुम्ही एकट्या होतात. पुढे लुर्दसबाईची ती फ्रेम तेवढी ठेवून बाकीची चित्रं काळुरामनं देऊन टाकली. इतके दिवस कुठे होतास, असं शकूनं एकदाच विचारलं. तो विचार करून म्हणाला, "खिडक्या खूप होत्या. मी बघत होतो. वाईट काय नव्हतं गं तिथं. काहीच नव्हतं." पुन्हा तिनं विचारलं नाही.

आता बरा आहे तो. जेवतो, भांडतो, क्रिकेट बघतो. दिशाला मुलगी झाली, बारशाला नाशिकला जाऊन आला. शकूच्या सोमवारांचं उद्यापन झालं तेव्हा पंगतीत पाणी वाढत होता, तुम्ही बघितलंयत त्याला.

आप्पांनी चादर पायांवर ओढली. दूर कुठेतरी इन्व्हर्टर घुमत होता.

एकच राहिलं, ते म्हणाले. गेल्या उन्हाळ्यात त्याला कोपरची जागा दिशाच्या नावावर करायची होती. नोंदणी कचेरीत शकू बरोबर गेली. तिथे मशीनवर अंगठा ठेवायचा असतो. मशीन घेईना. कारकून म्हणाला, वय झालं की बोटं झिजतात, आजोबा, सगळ्यांचं होतं. त्यानं दुसरं बोट ठेवायला लावलं. तेही घेईना. मग शाईची डबी काढली. काळुरामनं शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला.

कारकुनानं कागद उचलला. बघितला. काळुरामकडे बघितलं. परत कागद बघितला आणि शकूपुढे धरला.

शंख नाही. चक्र नाही. अंगठ्याएवढ्या जागेत नुसत्या सरळ रेघा. बारीक. सारख्या अंतरावर. आणि त्यांना छेदून जाणाऱ्या दुसऱ्या.

शकूनं भावाचा हात आपल्या हातात घेतला. तो उबदार होता. तिनं पदर ओला केला आणि अंगठा पुसला. हळूहळू, मुलाचा पुसावा तसा. शाई निघाली.

रेघा निघाल्या नाहीत.