दोनशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर

योगेश्वरी तुरकर त्या दिवशी निघाली ती एका साध्या तपासणीला. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. गोंदियाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात पाऊस, पूर, वीज, उष्माघात या सगळ्यांची आकडेवारी तिच्याकडे असायची. कुठे किती पडला, कुठे कोण दगावलं, ते तक्त्यात भरायचं, नकाशावर टिंब द्यायचं आणि पुढचा धोका कुठे आहे ते साहेबांना सांगायचं. चुकीचा आकडा दिसला की तिला जेवण गोड लागत नसे.

चुकीचे आकडे येत होते हिवरटोल्याहून. नवेगाव बांधच्या पुढे, जंगलाच्या कडेला, जुन्या मालगुजारी तलावाच्या पोटाशी वसलेलं चाळीस घरांचं गाव. तिथला पर्जन्यमापक वाचणारा माणूस रोज सकाळी साडेआठला तिला फोन करायचा. "लिवा म्याडम, हिवरटोला, बेचाळीस." एवढंच. आवाज वयस्कर, आणि त्यामागे संथ पाणी वाहत असल्यासारखं काहीतरी. जूनपासून एका दिवसाचा खाडा नव्हता. पण शेजारच्या गावातल्या स्वयंचलित यंत्राशी त्याचा आकडा कधी जुळायचा नाही. त्या सकाळी तर कहरच झाला. "लिवा म्याडम, दोनशे अठ्ठ्याऐंशी." यंत्र एकतीस दाखवत होतं. तिने पुन्हा विचारेपर्यंत फोन बंद झाला होता. म्हातारा घरी बसून मनचे आकडे ठोकतोय, असं तिला वाटलं. तिने लॅपटॉप उचलला आणि गाडी मागवली.

दुपारी दोनच्या सुमारास ती हिवरटोल्यात पोहोचली. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस बारीकच. दफ्तरात नाव होतं केवळराम कापगते. घर तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, लागूनच निघालं. ओसरीत त्याची बायको कुंदाबाई भाजी निवडत बसली होती. योगेश्वरीने केवळरामजी कुठे आहेत म्हणून विचारलं, तसे कुंदाबाईचे हात थांबले.

"कायले पायजे होते जी?"

"पावसाच्या आकड्यांचं विचारायचं होतं, मावशी."

"बुडा तं मागल्या सालीच गेला," कुंदाबाई म्हणाली.

मग तिने नवऱ्याचं सांगितलं. मागच्या श्रावणात केवळराम नेहमीसारखा सकाळी पाळीवर मोजमाप घ्यायला गेला आणि वीज पडली. पर्जन्यमापकाभोवतीच्या कुंपणातच तो सापडला. त्याच्या जागी सरकारने कोणाला नेमलंच नाही. कुंपणाला कुलूप, आणि किल्ली ही अशी घरात टांगलेली.

योगेश्वरीला तो मृत्यू माहीत होता. पुरुष, वय बासष्ट, वीज पडून. तहसीलीतून आलेली ती ओळ तिनेच तक्त्यात भरली होती आणि नकाशावर पिवळं टिंब तिनेच दिलं होतं. फक्त त्या तक्त्यात नावाचा रकाना नव्हता.

कोणीतरी त्याचा फोन वापरत असेल, म्हणून तिने नंबर दाखवला. कुंदाबाईने तो ओळखला. आत जाऊन तिने पेटीतून एक पुडकं आणलं आणि सोडलं. त्याच्या खिशातला फोन होता तो. वितळून काळा गोळा झालेला.

दोघी पाळीवर गेल्या. कुलूप गंजलं होतं. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात गवत उगवलं होतं, आतली बाटली फुटलेली. तिथे वर्षभरात कोणी पाऊस मोजलेला नव्हता. योगेश्वरी सवयीने परत ओसरीत आली आणि तिने लॅपटॉप उघडला. फोनवरच्या आणि यंत्राच्या आकड्यांच्या रांगा शेजारी ठेवल्या. बघता बघता तिच्या लक्षात आलं. आकडे चुकीचे नव्हतेच. ते एक दिवस आधीचे होते. केवळरामने आज सांगितलेला आकडा यंत्र उद्या दाखवत होतं. जूनपासून, एकूण एक, एका मिलिमीटरचाही फरक नाही.

म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी उद्या सकाळी साडेआठपर्यंत पडायचे होते. तलाव आत्ताच काठोकाठ होता.

हे साहेबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? ती पाळीच्या दुसऱ्या टोकाला सांडवा बघायला गेली. जादा पाणी जायची ती वाट बेशरमाच्या झुडपांनी पार बुजली होती. तेवढा आधार तिला पुरला. तिने फोटो काढले, तहसीलदारांना पाठवले आणि गाव आजच हलवा म्हणून कळवलं. मुसळधार पावसाचा अंदाज कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. सांडवा बंद आहे, जबाबदारी माझी, लेखी देते, असं ती म्हणाली. सरपंच दुर्गेश्वरी डोंगरवारने आधी कुरकुर केली, पाणी तं रोजच येऊन रायलं म्हणाली. पण सांडव्याचे फोटो बघितल्यावर तिनेच घरोघर जाऊन माणसं बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत लेकरं, म्हातारे, शेळ्या सगळे टेकडीवरच्या आश्रमशाळेत गेले.

कुंदाबाई तेवढी उठेना.

"मी नाई येत. त्यायची जागा आये ते."

दिवेलागण झाली. वीज गेली होती. पाऊस आता जाड झाला होता, कौलांवर मूठभर खडे फेकल्यासारखा. ओल्या मातीला शेवाळाचा आणि जळक्या केसांचा वास येत होता. कुठून, ते कळत नव्हतं. चालक गुलाबचंद रस्त्यावरून हॉर्न वाजवत होता. योगेश्वरीने समजूत घालून पाहिली, रागावून पाहिलं. शेवटी तिने आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. त्या नंबरवर उलटा फोन लावला.

तिच्या कानात रिंग वाजू लागली. पुडकं दोघींच्या मध्ये होतं, गप्प. पण बाहेर, पाळीवर, कुलूप लावलेल्या कुंपणाच्या बाजूने पावसातून एका फोनची घंटी ऐकू येत होती... लांबट, साधी, जुन्या फोनची. कुंदाबाईने मान वर केली. ती घंटी तिने ओळखली होती.

घंटी थांबली. कानाशी पाण्याचा आवाज आला.

"म्याडम... कुंदाले द्या."

योगेश्वरीने फोन पुढे केला. कुंदाबाईने तो कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग "होये" म्हणाली, फोन परत दिला, पुडकं पदरात बांधलं आणि गाडीत जाऊन बसली. काय ऐकलं ते तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही.

पहाटे पाचला पाळ फुटली. खालची एकतीस घरं वाहून गेली, पण माणूस एकही गेला नाही. साडेआठला यंत्राचा आकडा आला. दोनशे अठ्ठ्याऐंशी. योगेश्वरीने अहवालात सांडव्याचं कारण लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. तिच्या टेबलावरचा फोन त्या सकाळी वाजला नाही, नंतरही नाही.

गाव शाळेत बारा दिवस राहिलं. कुंदाबाईने अंथरूण टाकलं होतं त्या वर्गात, तिच्या उशाजवळ, पहिल्याच सकाळी फरशीवर ओल दिसली. भिंतीला टेकून कोणी निथळत बसावं, तेवढी. छत गळत नव्हतं.

मे महिन्यात गोंदियात पारा सेहेचाळीसवर गेला, तेव्हा उष्णतेची माहिती द्यायला शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. विहीर आटली, हातपंप कोरडा, सुट्टीत राहिलेली मुलंही घरी पाठवली, सगळं त्यांनी रीतसर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, कुंदाबाईच्या उशाजवळची ती ओल कुठल्या रकान्यात लिहायची? ती अजून वाळलेली नाही. आणि गेल्या आठ दिवसांत ती भिंतीपासून हातभर दाराकडे सरकली आहे.